चिऱ्याचं घर कुठल्या ब्लॉकनं बांधू? आणि जग केवढं ठेवू? (माइनक्राफ्ट हा ब्लॉक रचून बांधायचा खेळ, जावा आवृत्ती)

पडवीकरीण
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, माझा मुलगा खेळत नाही, मीच खेळते. वय ३९, राहणार शारजा, काम अकाउंट्सचं. मागच्या वेळी इथे प्रश्न विचारला तर तिघांनी "ताई, मुलाला किती वेळ खेळू देता" असं विचारलं होतं, म्हणून हा खुलासा.

सोबत भाचा असतो. तो कणकवलीला, सातवीत. आम्ही दोघं दर शनिवारी दोन तास एका भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर भेटतो. आमचं मूळ गाव मालवण आणि देवगडच्या मधे. खाडी, तिच्या काठाने माड, मग अकरा घरांची वाडी, वर चढ आणि चढावर सडा (खडकाळ माळ). ही वाडी आहे तशी बांधायची असं आम्ही मे महिन्यात ठरवलं. आता दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, दगड. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडाचं, बाहेरून गिलावा नाही. जांभा तुम्ही पाहिला असेल: तांबडा, मधे मधे पिवळट, भोकं भोकं, पावसाळ्यात काळवंडलेला. मी तो टेराकोटाने करायला गेले. भिंत लांबून बरी दिसली, पण जवळ गेलं की वाटतं शाळेच्या हस्तकलेतला पुठ्ठा. शिवाय टेराकोटाच्या पायऱ्या होत नाहीत, स्लॅब (अर्ध्या उंचीचा ब्लॉक) होत नाही, काहीच होत नाही. जोत्याच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या लावल्या तर त्या गुलाबी दिसतात. आमच्या आजीच्या घराला गुलाबी पायऱ्या!

त्यातून सगळं एकास एक मापात, म्हणजे एक ब्लॉक एक मीटर. माजघर १० फूट बाय १२ फूट. आतली जागा धरली ३ ब्लॉक बाय ४. त्यात एक पेटी, एक पलंग ठेवला आणि मी व भाचा दोघं आत गेलो तर बाहेर पडायला रांग. आणि भिंत एक मीटर जाड! खऱ्या घराची भिंत ९ इंच आहे. हे घर नाही झालं, सिंधुदुर्ग किल्ला झाला.

दुसरं, जग. भाच्याला मे महिन्यात पंख मिळाले (एलिट्रा म्हणतात ते). सुट्टीभर पोरगा रॉकेट लावून उडत होता. जूनमध्ये सर्व्हरवाल्याचा निरोप आला की जागा संपत आलीय. पाहिलं तर जगाचं फोल्डर ४ जीबीच्या वर. आम्ही बांधलंय किती? दीड घर आणि एक विहीर. मी म्हटलं, आता जगाला कुंपण घालू. त्यावर हा म्हणतो, "आते, जग खंय संपता काय?" दोन आठवडे तो माझ्याशी नीट बोलत नाहीये.

तर, (अ) जांभ्यासाठी ब्लॉक कुठला, आणि (ब) वाडीसाठी जग केवढं पुरे? कृपया क्रिएटिव्हमध्ये (जिथे सगळं सामान फुकट मिळतं) जा असं सांगू नका. सर्व्हायव्हलमध्येच, म्हणजे सामान स्वतः गोळा करून बांधायचं हा आमचा करार आहे. चिरा आयता मिळाला तर त्यात काय मजा.

रेडस्टोनचा_राजा
शनिवार, रात्री ११:५८

ताई, भारी प्रोजेक्ट!! मी नाशिकचा, इंजिनिअरिंगला आहे.

(अ) मड ब्रिक्स (मातीच्या विटा) बघितल्या का? खेळाच्या १.१९ आवृत्तीत आल्या, २०२२ ला. विटकरी-तपकिरी रंग, आणि त्यांच्या पायऱ्या, स्लॅब, भिंत तिन्ही होतात. नुसत्या वापरल्या तर चॉकलेटी दिसतं, म्हणून मधे मधे ग्रॅनाइट घाला. पॉलिश केलेला नको, कच्चा. तीनास एक. ठरावीक अंतराने नाही, डोळे मिटून.

(ब) भाचा बरोबर आहे, सॉरी 😄 जग डावीकडून उजवीकडे सुमारे ६ कोटी ब्लॉक आहे. पृथ्वीचा विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे ४ कोटी मीटर आणि वर थोडे. सगळी पृथ्वी एकास एक मापात आडवी मावते! २०२० पासून जगभरातले लोक मिळून तसा प्रयत्न करतायत, बिल्ड द अर्थ नावाने. तुमच्या वाडीला काय टेन्शन?

शनिवारचा_सर्व्हरवाला
रविवार, सकाळी ८:१५

राजा, आडवी मावते रे. उभी? १.१८ पासून उंची उणे ६४ ते ३१९, एकूण ३८४ ब्लॉक. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. साध्या खेळात पायथासुद्धा संपत नाही, त्या लोकांना उंचीसाठी वेगळे मॉड (खेळात बाहेरून घालायचे बदल) घालावे लागतात. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश एकास एक मापात केला होता, तो साध्या खेळात जमला. कारण त्यांचं सर्वांत उंच ठिकाण १७१ मीटर. तरी तो पसारा १ टेराबाइटच्या आसपास गेला. आणि लोकांना आत सोडल्यावर काहींनी सुरुंगाच्या गाड्या नेऊन गावं उडवली, हे वेगळंच.

पडवीकरीण, मी पुण्यात तीन छोटे सर्व्हर सांभाळतो. तुमचा प्रॉब्लेम जगाच्या आकाराचा नाही, जिथे जिथे भाचा उडाला त्या वाटेचा आहे. जग आधीपासून बनून बसलेलं नसतं. खेळाडू जवळ गेला की १६ बाय १६ चे तुकडे तयार होतात आणि एकदा झाले की डिस्कवर राहतात, तिथे कुणी एक फूल जरी तोडलं नसलं तरी. पोरगा सरळ रेषेत उडाला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं तेवढा पट्टा बनत जातो. शेतातून ट्रॅक्टर गेल्यासारखं.

उपाय असा. रीजन नावाच्या फोल्डरमध्ये फाइली असतात, एकेक फाइल ५१२ बाय ५१२ ब्लॉकची. नावातच दोन आकडे असतात. शून्य-शून्यवाली फाइल म्हणजे दोन्ही दिशांना ० ते ५११. वाडीच्या बाहेरच्या फाइली सर्व्हर बंद करून उडवा. त्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. परत सांगतो, प्रत काढून ठेवा. उडवलेला भाग पुन्हा कुणी गेलं तर त्याच बियाण्यातून (ज्या आकड्यावरून जग बनतं तो) नव्याने उगवतो, फक्त तिथे ठेवलेल्या पेट्याबिट्या जातात. भाच्याने कुठे खजिना पुरलाय का ते आधी विचारा, नाहीतर ते दोन आठवड्यांचे दोन महिने होतील.

मग कुंपण. वर्ल्डबॉर्डरची आज्ञा द्यायची, मध्य शून्य-शून्य, रुंदी २०४८. म्हणजे बरोबर चार बाय चार, १६ फाइली. पण कुंपणापाशी उभं राहिलं की पलीकडचं दिसतंच आणि जे दिसतं ते बनतं. म्हणून भोवतालची एक रांग धरून सहा बाय सहा, ३६ फाइली होतील. माझ्याकडे एवढं जग पाव जीबीच्या आसपास बसतं. चार जीबीचं पाव जीबी.

गवंडी_नं_१
रविवार, सकाळी १०:०२

मी हा खेळ फक्त नातवाच्या मागे उभा राहून पाहिलाय. पण बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून ३१ वर्षं काढली, त्यातली ९ सावंतवाडीला. चिऱ्याचं नाव वाचून राहवलं नाही.

बाई, तुमचं चुकतंय ते दगडात नाही, मापात. मीटर कशाला धरता? ते घर बांधणाऱ्या गवंड्याने मीटर पाहिला होता का? त्याने फूट आणि इंच धरले. एक ब्लॉक म्हणजे दोन फूट धरा. १० बाय १२ चं माजघर ५ बाय ६ होईल. पलंग, पेटी, दोन माणसं, सगळं बसेल.

नातवाला विचारून घेतलं: कुंपणासाठी जो "भिंत" नावाचा ब्लॉक येतो तो पूर्ण जाडीचा नसतो. त्याने सांगितलं ब्लॉकचे १६ भाग केले तर भिंत ६ भाग जाड. आता हिशेब बघा. ब्लॉक २४ इंच. त्याचे ६/१६ म्हणजे ९ इंच. बरोबर ९ इंच! चिरा १४ इंच लांब, ९ इंच रुंद. तुमची भिंत एका चिऱ्याची. मला तर हे पाहून हसू आलं. खेळ करणाऱ्याच्या मनातही नसेल.

तेव्हा कुठला दगड हा प्रश्न आपोआप सुटतो. ज्याची "भिंत" होते तोच दगड घ्यायचा. नातू म्हणतो टेराकोटाची होत नाही, मातीच्या विटेची होते, ग्रॅनाइटची होते.

चिरेखाण
रविवार, सकाळी १०:३०

काकांना नमस्कार. मी रत्नागिरीचा, भूगोल शिकवतो.

मातीची वीट घेतली तर शास्त्राला धरूनच होईल. जांभ्याला लॅटराइट हे नाव बुकॅनन नावाच्या माणसाने १८०७ साली दिलं, मलबारात अंगडिपुरमला लोक तो कापताना पाहून. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना जांभा ओलसर, मऊ असतो, तासणीने कापता येतो. हवा लागली की कडक होतो. खेळातली मड ब्रिकही आधी चिखल, मग घट्ट होते.

आणि ताई, चिखल खारफुटीच्या दलदलीत आयता मिळतो. तुमच्या खाडीला खारफुटी असणारच.

पडवीकरीण
रविवार, दुपारी २:१०

काका!! मी सकाळपासून तीनदा वाचलं. लगेच एक भिंत उभी करून पाहिली. मातीच्या विटेची भिंत, पाच ब्लॉक उंच म्हणजे १० फूट, तीनास एक ग्रॅनाइट, डोळे मिटून. मी बाहेर येऊन खळ्यात उभी राहिले आणि दोन मिनिटं काही केलं नाही. फोटो टाकायचा होता, पण त्यात भाच्याने मधोमध कोंबडी उभी केलीय.

दोन अडचणी. भिंत ब्लॉकच्या मधोमध येते, त्यामुळे आतून पेटी भिंतीला टेकत नाही, मधे फट राहते. आणि कोपऱ्यात आपोआप जाड खांब उगवतो.

शिवाय दार. दोन ब्लॉकचं दार म्हणजे चार फूट. आमच्याकडे वाकून आत जायचं हे खरं, पण चार फूट म्हणजे रांगत.

गवंडी_नं_१
रविवार, दुपारी ३:४५

फट साडेसात इंचाची आहे, मोजली. राहू द्या. कोकणात पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपाट तसंही भिंतीला चिकटवून ठेवत नाहीत. कोपऱ्यातला खांबही राहू द्या, कोपरा भक्कम दिसलेला वाईट नाही. दाराला तीन ब्लॉक सोडा, सहा फूट. वरच्या ब्लॉकात लाकडी गणेशपट्टी लावा.

छपराचं काय करताय?

पडवीकरीण
रविवार, दुपारी ४:००

विटेच्या पायऱ्या लावल्यात. कौलांसारख्या दिसतात, पण छप्पर देवळाच्या शिखरासारखं वर गेलंय.

रेडस्टोनचा_राजा
रविवार, दुपारी ४:०६

पायऱ्यांनी ४५ अंश होतो ताई, म्हणून. स्लॅब वापरा. एका ब्लॉकला अर्धा ब्लॉक चढ, म्हणजे साडेसव्वीस अंश. मंगलोरी कौलांचा उतार साधारण तसाच असतो ना? विटेचे स्लॅब घ्या आणि मधे मधे खारफुटीच्या लाकडाचे, ते गडद लाल आहेत. शेवाळलेली जुनी कौलं वाटतात. सारवलेल्या खळ्यासाठी पॅक्ड मड (घट्ट केलेला चिखल). एकदम शेणाचा रंग 😄

बाय द वे, माझं कालचं "काय टेन्शन" मागे घेतो. फूट-इंचाच्या मापाने माझ्या पृथ्वीचा घेर साडेसहा कोटी ब्लॉक होतो. मावत नाही.

एक_वाचक
रविवार, संध्याकाळी ६:२०

एवढा हिशेब खऱ्या घराच्या दुरुस्तीसाठी केला असता तर बरं झालं असतं असं आपलं मला वाटतं.

पडवीकरीण
रविवार, रात्री ९:०५

एक_वाचक, खऱ्या घराची दुरुस्तीही चालू आहे. पावसाआधी मागच्या पडवीवर पत्रे घातले. मला विचारून घातले, मीच पैसे पाठवले. खेळात मात्र कौलंच राहतील.

आता जगाबद्दल. सर्व्हरवाले दादा, तुमच्या पद्धतीने फाइली उडवल्या, प्रत काढून. ४ जीबीचे ३०० एमबी झाले. भाच्याचा खजिना होता, तीन पेट्या, एक तर चक्क जंगलातल्या देवळात. त्या आधी आणवल्या. पण कुंपणावर पोरगा अडून बसलाय. त्याचं म्हणणं असं की कुंपण घातलं तर सामान कुठून आणायचं. वीट, कौल, लाकूड, सगळं लांबच मिळतं. यात तथ्य आहे. मी हिशेब मांडला (अकाउंट्सवाली आहे):

आमचं घर बाहेरून ३६ बाय २८ फूट, म्हणजे १८ बाय १४ ब्लॉक. घेर ६० ब्लॉक, पाच उंच, ३००. आतल्या भिंती धरून ६००. अकरा घरांच्या ६,६०० भिंती. पाव भाग ग्रॅनाइट काढला तरी ४,९५० मातीच्या विटा. प्रत्येक विटेमागे एक गहू लागतो. पाण्याभोवतीच्या एका वाफ्यात ८० गहू. म्हणजे ६२ वेळा कापणी. कोकणात बसून गहू! आजी काय म्हणाली असती.

कौलांसाठी एका घराला ३२० स्लॅब, म्हणजे विटेचे १६० ब्लॉक, म्हणजे ६४० विटा. अकरा घरांच्या ७,०४० भाजायच्या. एक वीट भाजायला १० सेकंद. एका भट्टीत साडेएकोणीस तास, १६ भट्ट्या लावल्या तर सव्वा तास. कोळसा ८८०. आणि चिकणमाती १,७६० ब्लॉक. ती कुठून आणू? आमच्या खाडीच्या तळाची संपली.

शनिवारचा_सर्व्हरवाला
सोमवार, सकाळी ७:५०

चिकणमाती संपत नाही. साधी माती घ्या, तिच्यावर पाण्याची बाटली ओता, चिखल होतो. तो चिखल एखाद्या ब्लॉकवर ठेवा आणि त्या ब्लॉकच्या खालच्या बाजूला चुनखडीचा सुळका टांगा. पाणी निथळून चिखलाची चिकणमाती होते. वेळ लागतो, आणि तुमच्यापैकी कुणीतरी खेळात जवळपास असायला हवं, पण शंभर सुळके एकदम लावले की भरपूर होते. सुळके तुमच्या गुहांमध्ये नसतील तर फिरता व्यापारी विकतो.

म्हणजे माती, पाणी, गहू. तिन्ही वाडीतच. लांब जायचं कारण उरत नाही. खरंतर तुमचे दोन प्रश्न एकच होते. दुरून आणायचा दगड निवडला असता तर जग मोठं ठेवावं लागलं असतं. टेराकोटाच खणून आणत बसला असता तर त्याच्या लाल डोंगराळ प्रदेशापर्यंत कुंपण न्यावं लागलं असतं, आणि तो किती लांब निघेल ते बियाण्यावर.

चिरेखाण
सोमवार, सकाळी ८:३०

दोन हजार ब्लॉक पुरतील का ते तपासलंत? दोन फुटी मापाने २०४८ ब्लॉक म्हणजे ४,०९६ फूट, सव्वा किलोमीटर. खाडीपासून सड्यापर्यंत किती भरतं?

पडवीकरीण
सोमवार, दुपारी १:१५

भावाने गाडीच्या किलोमीटरवर पाहिलं. रस्त्याने १.४, पण रस्ता वळणांचा. पायवाटेने किलोमीटरच्या आत. सडा ९० मीटर उंच धरलाय, म्हणजे १४८ ब्लॉक. समुद्राचं पाणी ६२ वर असतं, त्यात मिळवले की २१०. आभाळाला अजून शंभर ब्लॉक बाकी.

मावतंय सगळं. फक्त भाच्याला आता आंबोलीचा धबधबाही हवाय. समुद्रसपाटीपासून ७०० मीटर, म्हणजे साडेअकराशे ब्लॉक. त्याला सांगितलं, तुझा तो घाट छपरातून बाहेर जाईल. म्हणाला, "मगे छप्पर वाढव."

रेडस्टोनचा_राजा
सोमवार, दुपारी १:३२

ताई, भाच्याशी तह करायची आयडिया. कुंपण एकदम २०४८ चं घालू नका. ५१२ पासून सुरू करा, नुसतं तुमचं घर आणि आजूबाजू. वर्ल्डबॉर्डर ॲड १२८ अशी आज्ञा असते. एक घर पूर्ण झालं की १२८ ने वाढवा. अकरा घरं आणि एक देऊळ, १२ वेळा १२८ म्हणजे १,५३६. अधिक ५१२. बरोबर २०४८! त्याला जग मोठं हवं असेल तर घर बांधायचं. शेवटी सेकंद दिले की कुंपण हळूहळू सरकताना दिसतं, ते बघायला मजा येते.

पडवीकरीण
शनिवार, रात्री ११:२०

तह झाला. राजा, तुझ्या नावाने विहिरीवर पाटी लावतोय.

आज आमचं घर पूर्ण झालं, भिंती, छप्पर, खळं, तुळस. कुंपण ५१२ वरून ६४० वर गेलं, साठ सेकंदांत. भाचा कुंपणाच्या हिरव्या पडद्याला नाक लावून त्याच्यासोबत चालत गेला आणि पलीकडे चिंचेसारखं एक झाड होतं त्याला हात लावून आला. शेजारच्या घराचं जोतं त्याने एकट्याने आजच घातलं. मी सांगितलंही नव्हतं.

एक गोष्ट मापाने आपोआप झाली. खेळातला माणूस १.८ ब्लॉक उंच. दोन फुटी मापात ३ फूट ७ इंच, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाएवढा. ओटीवरून माजघरात पाहिलं तर आढं खूप वर दिसतं आणि आजीची पेटी कमरेच्या वर येते. मी त्या घरात सलग राहिले ती सहाव्या वर्षापर्यंतच. मला वाटत होतं मी मोजण्यात चुकतेय, पण माप बरोबर आहे, दोनदा तपासलं.

फक्त एक शंका राहिली. ओटी मी आठवणीने १८ फूट धरली होती, ९ ब्लॉक. खात्रीसाठी भावाला टेप लावायला सांगितला. त्याचा आत्ताच निरोप आला: "ओटी १८ फूट ४ इंच. आता गप रव." ९ ब्लॉक आणि वर ४ इंच. आता या ४ इंचांचं काय करू?

गवंडी_नं_१
रविवार, सकाळी ६:५५

नातवाला झोपेतून उठवून विचारलं. लाकडी झडप, ती ट्रॅपडोअर म्हणतात ती, १६ पैकी ३ भाग जाड. २४ चे ३/१६ म्हणजे साडेचार इंच. ओटीच्या कडेला उभी लावा, कठड्यासारखी दिसेल. अर्धा इंच जास्त जातोय, तो गिलाव्यात धरा.

पडवीकरीण
रविवार, सकाळी ७:१०

काका, गिलावा नाही ना आमच्या घराला.

गवंडी_नं_१
रविवार, सकाळी ७:१४

मग भावाचा टेप परत लावा.